३२ नकार, ७० केंद्रे : एका कृष्णवर्णीय रेडिओ समूहाची वाढ आणि तिची किंमत

‘आपली स्वतःची माध्यमे हवीत’ हे वाक्य आंबेडकरी समाजाच्या प्रत्येक संमेलनात, प्रत्येक कार्यकर्ता शिबिरात एकदा तरी उच्चारले जाते. टाळ्याही मिळतात. पण माध्यम एकदा उभे राहिले की ते वाढते कसे, वाढीसाठी लागणारा पैसा कोण देतो, आणि पैसा देणारा शेवटी मालक होऊन बसतो की नाही, यावर आपण फारसे बोलत नाही. मालकी म्हटले की आपल्याला भाषण सुचते, ताळेबंद सुचत नाही. म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एका रेडिओ समूहाची गोष्ट जरा हिशेबासकट मांडत आहोत. कृष्णवर्णीय स्त्रीने एका लहानशा केंद्रापासून सुरू केलेला हा समूह एकामागून एक केंद्रे विकत घेत गेला आणि सुमारे ७० केंद्रांपर्यंत पोहोचला. त्याचे नाव ‘रेडिओ वन’, २०१७ पासून ‘अर्बन वन’. मुंबईत ९४.३ वर ऐकू येणाऱ्या रेडिओ वनचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती आणि डू बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तिथल्या कविता आणि भाषणे आपल्यापर्यंत पोहोचली. तिथल्या व्यवसायाची गोष्ट मात्र कुणी आणली नाही.

तिथे कृष्णवर्णीयांसाठीचा रेडिओ आधी आला, कृष्णवर्णीयांचा रेडिओ नंतर. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सगळे कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करायला सुरुवात केली. निवेदक काळे, गाणी काळ्यांची, मालक मात्र गोरे. १९४९ मध्ये अटलांटात जेसी ब्लेटन यांनी डब्ल्यूईआरडी हे केंद्र विकत घेतले आणि पहिल्यांदा केंद्राच्या किल्ल्या काळ्या माणसाच्या हातात आल्या. हे केंद्र ज्या इमारतीत होते तिथेच खाली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे कार्यालय होते. किंग यांना तातडीने काही सांगायचे असले की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकत आणि वरून मायक्रोफोन खाली सोडला जाई, अशी आठवण आजही सांगितली जाते. मालक आपला असला की मायक्रोफोन इतका जवळ येतो. १९५६ मध्ये डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावात हेली बेल या दंतवैद्याने डब्ल्यूसीएचबी सुरू केले. काळ्या माणसांनी विकत न घेता पायापासून उभारलेले हे पहिले केंद्र मानले जाते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

तरीही १९७८ साली अमेरिकेच्या संचार आयोगाने मोजदाद केली तेव्हा देशातील सुमारे ८,५०० रेडिओ-टीव्ही केंद्रांपैकी १ टक्क्याहूनही कमी केंद्रे अल्पसंख्याकांच्या ताब्यात होती. परवाने संपत चालले होते, चांगल्या फ्रिक्वेन्सी कधीच वाटल्या गेल्या होत्या. नव्याने येणाऱ्याला एकच वाट उरली होती : कुणाचे तरी चालू केंद्र विकत घेणे. म्हणून आयोगाने त्याच वर्षी दोन सवलती आणल्या. अल्पसंख्याक खरेदीदाराला केंद्र विकणाऱ्याला नफ्यावरचा कर पुढे ढकलता येईल, ही पहिली. परवाना जाण्याच्या बेतात असलेल्या मालकाला केंद्र कमी किमतीत अल्पसंख्याक खरेदीदाराला विकून बाहेर पडता येईल, ही दुसरी. ही आरक्षणाची जागा नव्हे. विकणाऱ्याचा फायदा घेणाऱ्याच्या जातीशी, म्हणजे तिथे वर्णाशी, बांधून टाकण्याची ती युक्ती होती. आमच्या मते ती अतिशय हुशार युक्ती होती.

या काळात कॅथी ह्यूज पुढे आल्या. जन्म १९४७, ओमाहा, नेब्रास्का. आजोबा लॉरेन्स जोन्स यांनी मिसिसिपीत काळ्या मुलांसाठी पायनी वूड्स ही शाळा काढलेली, आई हेलन स्त्रियांच्या प्रसिद्ध जॅझ वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवणारी. ह्यूज स्वतः शाळकरी वयातच आई झाल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आल्या आणि विद्यापीठाच्या डब्ल्यूएचयूआर केंद्रात आधी जाहिरात विक्री, मग सगळा कारभार पाहू लागल्या. रात्री उशिराच्या संथ प्रेमगीतांचा ‘क्वाएट स्टॉर्म’ हा कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि पुढे देशभर त्याची नक्कल झाली. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या निवेदिका म्हणून नव्हे, जाहिरात विकणाऱ्या म्हणून मोठ्या झाल्या. पैसा कुठून येतो हे त्यांना आवाजाआधी कळले.

१९८० मध्ये त्यांनी आणि पती ड्यूई ह्यूज यांनी वॉशिंग्टनचे डब्ल्यूओएल हे एएम केंद्र विकत घ्यायचे ठरवले. किंमत जवळजवळ १० लाख डॉलर. हे केंद्र शहरातल्या काळ्या वस्तीत आधीच घरोघरी माहीत होते. १९६८ मध्ये किंग यांच्या हत्येनंतर शहर पेटले तेव्हा याच केंद्रावरून पीटी ग्रीन या निवेदकाने लोकांना शांततेचे आवाहन केले होते. ह्यूज सांगतात की त्या ३२ ठिकाणी कर्ज मागायला गेल्या आणि ३२ नकार मिळाले. ३३ व्या ठिकाणी होकार आला तो पोर्टो रिकोहून आलेल्या एका महिला अधिकाऱ्याकडून. सोबत सिंकॉम या काळ्या गुंतवणूकदारांच्या वॉशिंग्टनमधील निधीनेही पैसा घातला.

पुढची काही वर्षे हलाखीची होती. लग्न मोडले, नवऱ्याचा वाटा ह्यूज यांनी स्वतःकडे घेतला. घर गेले, गाडी गेली, आणि त्या मुलासह केंद्रातच झोपू लागल्या. त्यांना दिवसभर चर्चा आणि बातम्यांचे केंद्र चालवायचे होते, काळ्या माणसाच्या नजरेतून. कर्ज देणाऱ्यांचे म्हणणे, बोलणे महाग पडते, गाणी लावा. तडजोड अशी झाली की दिवसभर गाणी चालतील, सकाळची चर्चा ठेवायची तर निवेदकाचा पगार मिळणार नाही. मग ह्यूज स्वतः मायक्रोफोनसमोर बसल्या.

त्या सकाळच्या कार्यक्रमाची ताकद १९८६ मध्ये दिसली. वॉशिंग्टन पोस्टने नवे रविवार मासिक काढले. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर खुनाचा आरोप असलेला काळा गायक, आणि आत दुकानदारांनी तरुण काळ्या मुलांना दारातच अडवणे समजण्यासारखे आहे असे सांगणारा स्तंभ. ह्यूज यांनी रेडिओवरून हाक दिली. लोक दर रविवारी मासिकाच्या प्रती गोळा करून पोस्टच्या कार्यालयाच्या पायऱ्यांवर आणून टाकू लागले. तेरा आठवडे हे चालले आणि अखेर पोस्टच्या प्रकाशकांनी दिलगिरी व्यक्त केली. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित वृत्तपत्रांपैकी एकाला एका कमकुवत एएम केंद्राने वाकवले.

पण डब्ल्यूओएलने कंपनी मोठी केली नाही. कंपनी मोठी केली ती गाण्यांनी. १९८७ मध्ये ह्यूज यांनी वॉशिंग्टनमध्येच डब्ल्यूएमएमजे हे एफएम केंद्र ७५ लाख डॉलरना घेतले. एफएमचा आवाज स्वच्छ, श्रोता नोकरदार, जाहिरातदार खूश. नव्वदच्या दशकात बाल्टिमोर, पुन्हा वॉशिंग्टन, मग अटलांटा, फिलाडेल्फिया. मुलगा आल्फ्रेड लिगिन्स व्यवसायात आला आणि १९९७ मध्ये कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी झाला. आईला चळवळ दिसत होती, मुलाला गणित. दोघांपैकी एकच असते तर ही कंपनी एक तर बंद पडली असती किंवा ओळखू येईनाशी झाली असती, असे आम्हाला वाटते.

आता ते गणित. समजा एखाद्या केंद्राचा सगळा खर्च जाऊन वर्षाला १ कोटी उरतात आणि बाजारात अशा केंद्राला दहापट, म्हणजे १० कोटी, किंमत येते. तुमच्याकडे २ कोटी आहेत, ८ कोटी कर्ज काढता. १० टक्के व्याजाने ८० लाख जातात, २० लाख उरतात. मग दुसरे केंद्र त्याच शहरात घेता. तिथे वेगळा हिशेबनीस नको, वेगळा अभियंता नको, जाहिरात विकणारी माणसे तीच. जे केंद्र आधीच्या मालकाला १ कोटी देत होते ते तुम्हाला दीड कोटी देऊ लागते. जाहिरातदारालाही सांगता येते की या शहरातला काळा श्रोता हवा असेल तर माझ्याकडेच यावे लागेल. खरेदीतून वाढ होते ती अशी. तिची दुसरी बाजूही याच आकड्यांत आहे. मंदी आली आणि १ कोटीचे ८० लाख झाले की सगळे व्याजातच संपते. त्याहून खाली गेले की केंद्र बँकेचे.

१९९५ मध्ये अमेरिकी संसदेने कराची ती सवलत रद्द केली. व्हायाकॉम या बड्या कंपनीचा केबल व्यवसाय त्या सवलतीखाली विकला जाणार होता आणि त्यावरून ओरड झाली. सवलतीचा फायदा बडे लोक घेतात म्हणून ती छोट्यांचीही काढून घ्यायची, हा युक्तिवाद आपल्याकडेही नवा नाही. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, दूरसंचार कायदा आला. तोवर एका मालकाला देशभरात २० एएम आणि २० एफएम केंद्रेच ठेवता येत. ती मर्यादा उठली, मोठ्या शहरांत एका मालकाला ८ केंद्रांपर्यंत मुभा मिळाली. काही वर्षांत क्लिअर चॅनेल ही एकटी कंपनी १,२०० हून अधिक केंद्रांची मालक झाली. छोट्या मालकांपुढे दोनच पर्याय होते, विका किंवा विकत घ्या.

ह्यूज आणि लिगिन्स यांनी विकत घ्यायचे ठरवले. मे १९९९ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले आणि सार्वजनिक कंपनीच्या प्रमुखपदी असलेली पहिली आफ्रिकी-अमेरिकी स्त्री अशी ह्यूज यांची नोंद झाली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट समभागांच्या रचनेत होती. एका वर्गाच्या समभागाला एक मत. आई-मुलाकडच्या वर्गाला एका समभागामागे दहा मते. नंतर काढलेल्या ‘डी’ वर्गाला मतच नाही. लोकांनी पैसा घालावा, नफ्यात वाटा घ्यावा, पण कंपनी विकायची की नाही हे आई-मुलगा ठरवतील. लोकशाहीच्या चष्म्यातून पाहिले तर हे खटकते. तरीही या एका तरतुदीमुळे कंपनी आजही काळ्या मालकांच्या हातात आहे, हेही खरे.

२००० मध्ये सर्वांत मोठी उडी पडली. क्लिअर चॅनेल दुसरी बडी कंपनी एएमएफएम गिळत होती आणि मक्तेदारीविरोधी नियमांमुळे तिला काही केंद्रे विकावी लागणार होती. रेडिओ वनने त्यातली १२ केंद्रे सुमारे १३० कोटी डॉलरना घेतली, लॉस एंजेलिस आणि ह्यूस्टनसारख्या शहरांतली. पुढच्या वर्षी सिनसिनाटीचा ब्लू चिप समूह सुमारे १९ कोटी डॉलरना. २००४ मध्ये कॉमकास्टसोबत टीव्ही वन ही वाहिनी. त्यानंतर देशभर ऐकले जाणारे निवेदक टॉम जॉयनर यांच्या कंपनीत बहुसंख्य हिस्सा.

इथे थोडे थांबायला हवे. ब्लू चिप ही काळ्या मालकाची कंपनी होती. १९९८ मध्ये रेडिओ वनने डेट्रॉइटची बेल ब्रॉडकास्टिंग घेतली, तीही काळ्या कुटुंबाची. म्हणजे हेली बेल यांनी पायापासून उभारलेले ते डब्ल्यूसीएचबी. समूह वाढत गेला तसे काळ्या मालकीच्या केंद्रांची संख्या तेवढीच राहिली, काळे मालक मात्र कमी झाले. याला वाढ म्हणायचे की एकवटणे? बेल कुटुंबाने एखाद्या गोऱ्या कंपनीला विकले असते तर अधिक वाईट झाले असते, हे मान्य. पण एका शहराचे पाच आवाज एका कार्यालयातून चालू लागले की मतभेदाला जागा कमी होते. आणि डब्ल्यूसीएचबी पुढे रेडिओ वननेही विकून टाकले, २०१७ मध्ये, एका ख्रिस्ती प्रसारण कंपनीला.

कर्जाने २००८ मध्ये दात दाखवले. मंदीत जाहिराती आटल्या, समभागाचा भाव एका डॉलरच्या खाली, काही सेंटांवर आला. लॉस एंजेलिसचे केंद्र १३ कोटी ७५ लाख डॉलरना विकावे लागले. काळ्या श्रोत्यांच्या देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक हातचे गेले. तरी कंपनी तगली. न्यूयॉर्कच्या इनर सिटी ब्रॉडकास्टिंगला तेही जमले नाही. मॅल्कम एक्स यांचे वकील राहिलेले पर्सी सटन यांनी १९७१ मध्ये सहकाऱ्यांसह उभी केलेली ही कंपनी, डब्ल्यूबीएलएस आणि डब्ल्यूएलआयबी ही हार्लेमची लाडकी केंद्रे तिची. २०११ मध्ये सावकारांनी तिला दिवाळखोरीत ओढले, केंद्रे नव्या मालकांकडे गेली आणि २०१४ मध्ये एमिस या कंपनीने ती घेतली. चळवळीचा वारसा दोन्हींकडे होता. कर्ज फेडण्याची ताकद एकीकडेच राहिली.

टिकण्याची किंमत काय पडली तेही सांगितले पाहिजे. सकाळचा स्थानिक निवेदक जाऊन देशभर एकच कार्यक्रम वाजू लागला. पगार वाचले, पण गल्लीतल्या पाण्याच्या नळाबद्दल कोण बोलणार? २००९ मध्ये गायकांना रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांसाठी मानधन मिळावे असे विधेयक डेट्रॉइटचे काळे खासदार जॉन कॉनयर्स यांनी पुढे रेटले, तेव्हा ह्यूज यांनी स्वतःच्या केंद्रांवरून त्याविरुद्ध मोहीम चालवली. काळा मालक एका बाजूला, काळा कलावंत दुसऱ्या बाजूला. त्यांचे म्हणणे, हा भार पडला तर काळ्या मालकीची केंद्रेच बंद पडतील. त्यांच्या भीतीत तथ्य होते, तरी आमचे मत गायकांच्या बाजूने आहे. २०२० मध्ये कंपनीने काही केंद्रांच्या बदल्यात शार्लट शहरातली केंद्रे घेतली, त्यात उजव्या वळणाच्या चर्चांसाठी ओळखले जाणारे जुने डब्ल्यूबीटी आले. २०२३ मध्ये ह्यूस्टनमधली कॉक्स कंपनीची केंद्रे २ कोटी ७५ लाख डॉलरना घेतली, त्यात प्रामुख्याने गोऱ्यांच्या कंट्री संगीताचे केंद्र. रिचमंड शहरात कॅसिनो काढण्याचा प्रस्तावही कंपनीने दोनदा मतदारांपुढे नेला. २०२१ आणि २०२३ अशा दोन्ही वेळा लोकांनी तो नाकारला. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटांमध्ये जुगार मोजला आहे. रिचमंडच्या मतदारांनी ते सुत्त वाचले नसणार, पण कौल त्यांनी योग्य दिला.

आता आपल्याकडे. १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. पण खाजगी एफएमचे परवाने लिलावात जातात आणि तिथे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापलीकडे बातमी देता येत नाही. म्हणजे ह्यूज यांनी जे केले, सकाळी स्वतः मायक्रोफोनसमोर बसून वृत्तपत्राला जाब विचारणे आणि ताज्या बातमीवर शहर उठवणे, त्याला आपल्या एफएमवर जागाच नाही. सामुदायिक रेडिओ आहे. तेलंगणात मेदक भागातील दलित स्त्रिया २००८ पासून संघम रेडिओ चालवतात आणि तो ऐकण्यासारखा आहे. पण सामुदायिक परवाना विकत घेऊन समूह उभारता येत नाही, आणि ते बरेच आहे.

आपल्या माध्यमांचे बळ आज नागपूरहून चालणाऱ्या आवाज इंडिया आणि लॉर्ड बुद्धा टीव्ही अशा वाहिन्यांत, संकेतस्थळांत आणि असंख्य यूट्यूब चॅनेलांत आहे. तिथे ३१ जानेवारी १९२० पासूनचा जुनाच प्रश्न उभा असतो. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले तेव्हा ते निघाले, आणि पुढे ते बंद पडण्यामागे पैशाची चणचण हे एक मोठे कारण होते. आज वर्गणी मागणारे चॅनेल वर्गणीदाराला काय देते? बहुतेक वेळा फक्त आभार. खाते एका व्यक्तीच्या नावावर, नाव नोंदणी दुसऱ्याच्या, आणि फाटाफूट झाली की दोन्हीकडून पोलीस तक्रार. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४३ नुसार वेगवेगळ्या मताधिकाराचे समभाग आपल्याकडेही काढता येतात. शंभर जणांनी प्रत्येकी १०,००० रुपये घातले तर १० लाख होतात. विक्रीचा निर्णय कुणाच्या मतांनी होईल, संपादक कोण नेमेल, कर्ज काढायचे तर किती टक्क्यांची संमती लागेल, या तीन ओळी पहिल्या दिवशी कागदावर आणायला एका वकिलाची एक दुपार पुरते.